बंदूक ठेवल्यानंतरचं काम: कोल्हापुरातल्या माजी सैनिकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले काही निवृत्त फौजी. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत होतं, कुणी सिग्नलमध्ये, कुणी इंजिनिअर्समध्ये. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. पेन्शनवर आल्यावर आम्ही युद्धात होरपळलेल्या घरांसाठी जमेल ते करतो आणि शाळा-कॉलेजांत शांततेबद्दल बोलतो. गावच्या पारावर, तालमीत, लग्नाच्या मांडवात लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे लिहिलं.

आयुष्यभर बंदूक धरली आणि आता शांततेचं बोलता, हे जुळतं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुधा तरुण पोरांकडून. त्यांना मी नामदेव जाधवांची गोष्ट सांगतो. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा पलटणीची चढाई होती. जाधव तेव्हा साधे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या आजूबाजूचे सगळे मेले किंवा जखमी झाले. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचललं, खोल पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडं सुखरूप पोचवलं. मग परत फिरले आणि दुसऱ्याला आणलं. त्यानंतर शत्रूच्या मशिनगन चौक्यांवर तुटून पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लोकांना चौक्या लक्षात राहतात. मला आधीच्या त्या दोन खेपा जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण जखमी माणूस त्या घटकेला त्यांच्यावर अवलंबून होता आणि त्यांनी आधी त्याचं पाहिलं.

फौजेत आम्हाला हेच शिकवलं जातं. शरण आलेल्याला मारायचं नाही, जखमी शत्रूवर आपल्या माणसासारखाच उपचार करायचा, कैद्याला जेवण आणि पांघरूण द्यायचं. १९४९ च्या जिनिव्हा करारांत हे लिहिलेलं आहे आणि १९६० पासून भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा शांततेचं बोलताना आम्ही फौजेची शिकवण सोडलेली नाही. नोकरीत ती हुकूम म्हणून पाळली, आता स्वतःहून पाळतो.

आणखी एक कारण आहे. युद्ध टीव्हीवर पाहणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू येतो, वास येत नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांनी गप्प बसलं, तर युद्धाबद्दल बोलायला फक्त ते न पाहिलेलेच उरतात.

म्हणजे पोरांनी भरती होऊ नये, असं म्हणता का?

अजिबात नाही. आमच्यातले दोघं-तिघं रोज पहाटे भरतीच्या पोरांना पळायला शिकवतात. देशाला फौज लागते आणि चांगल्या माणसांची लागते. आम्ही फक्त पोरांना आणि त्यांच्या आईबापांना खरं सांगतो: पगार, मान, शिस्त याबरोबर काय काय येऊ शकतं ते. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. त्यातली बहुतेक पोरं चार वर्षांनी, ऐन पंचविशीच्या आत, घरी परतणार आहेत. त्यांना कुणीतरी विचारपूस करणारं माणूस गावात हवं, हेही आमच्या कामात धरलेलं आहे.

सीमा इथून एवढी लांब. कोल्हापूरचा आणि युद्धपीडितांचा काय संबंध?

फार जुना आणि फार जवळचा संबंध आहे, म्हणून याचं उत्तर जरा लांबेल.

आधी आपली माणसं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत एक लहानशी दगडी पाटी दिसते: या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. ती माणसं मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), फ्रान्समध्ये, पूर्व आफ्रिकेत मेली. सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत टायग्रिस नदीकाठी कुत-अल-अमारा इथं वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनं शरण गेल्यावर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हजारो वाटेतच गेले. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच सांगतं, की तिथं घरटी माणूस फौजेत गेला. त्या घरांत मागं राहिलेल्या बायकांनी काय काढलं, याची पाटी कुठंच नाही.

आता परकी माणसं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ नंतर त्यांतले जे सुटले ते इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष पोलिश सैन्यात दाखल झाले. बायका-मुलं, म्हातारे कुठं जाणार? त्यांतली सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत आली. १९४३ ते १९४८ ती तिथं राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. त्यांतली काही माणसं इथंच वारली आणि इथल्याच मातीत आहेत. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आपण तिथं फिरायला जातो, पण स्तंभावर काय लिहिलंय ते थांबून वाचणारे थोडे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथंही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना त्याचा पहिल्यांदा पत्ता लागला.

यातली एक गोष्ट मला थक्क करते. वर सांगितलेल्या नामदेव जाधवांच्या सेनिओ नदीवर त्याच दिवशी पोलिश कोअरचीही चढाई होती. म्हणजे आपली मराठा पोरं आणि ते पोलिश जवान इटलीत एकाच नदीच्या काठावर लढत होते, आणि त्या पोलिश फौजेतल्या काहींची बायका-मुलं आपल्या वळिवड्यात पंचगंगेच्या काठी, आपल्या भरवशावर होती.

पोलिश लोक गेल्यावर त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं तिथं वसली. ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथं जातो. एकाच जागेनं पाठोपाठ दोन देशांतल्या उद्ध्वस्त माणसांना छप्पर दिलं. कोल्हापूरचा काय संबंध, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी गांधीनगरला चक्कर मारून यायला सांगतो.

जनरल थोरातांनी कोरियात नेमकं काय केलं?

शंकरराव थोरात हे कोल्हापूरचे. पुढं लेफ्टनंट जनरल झाले आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरातच राहिले. आमच्या कामाचा आदर्श कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेतो.

जुलै १९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं, पण एक तिढा उरला. दक्षिणेकडं संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी असे होते, ज्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं. उत्तरेकडंही साडेतीनशेच्या आसपास कैदी असेच होते. त्यांना जबरदस्तीनं पाठवायचं की नाही, यावरून तहाची बोलणी दीड-दोन वर्षं रखडली होती आणि तोवर माणसं मरत होती. शेवटी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष म्हणून भारत. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळायची जबाबदारी मात्र फक्त भारतीय फौजेवर, आणि त्या सुमारे सहा हजार जवानांच्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख मेजर जनरल थोरात.

काम किती अवघड होतं याचा विचार करा. कैद्यांना भारतीयांबद्दल संशय, दोन्ही बाजूंचे देश भारतावर नाराज, छावणीत कैद्यांचेच गट एकमेकांच्या जिवावर उठलेले. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाचा माणूस भेटून समजावणार, आणि नंतर कैद्यानं स्वतः ठरवायचं. ते ठरवताना त्याच्यावर कुणाचा दाब येऊ नये, हे पाहायचं काम आपल्या जवानांचं. सुरुवातीलाच चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. गोळीबाराचा हुकूम देणं सोपं होतं. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि आपला अधिकारी सोडवून बाहेर आले.

जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली आणि बहुतेक कैदी त्यांना हवं तिकडं गेले. ८८ जणांना मात्र ना उत्तरेत जायचं होतं ना दक्षिणेत. ते आपल्या फौजेबरोबर बोटीनं भारतात आले. ज्या जवानांनी पहारा दिला, त्यांच्याच देशात राहावंसं कैद्यांना वाटलं, याहून मोठं पदक मला तरी ठाऊक नाही.

त्याच युद्धात आपलं ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली १९५० पासून होतं. सैनिकांबरोबर त्यांनी कोरियन गावकऱ्यांवरही उपचार केले. मेडिकल कोअरवाला म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान आहे.

शांतिसेनेत जाऊन आलेले जवान कोल्हापुरात आहेत का? त्यांचा उपयोग काय होतो?

आहेत, आणि आमच्यातही आहेत. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९४८ पासून सुरू आहे आणि तिला १९८८ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. भारतानं आजवर तिथं पाठवलेल्या माणसांची संख्या अडीच लाखांच्या पुढं आहे, आणि त्यात सर्वाधिक प्राण गमावणाऱ्या देशांतही भारत आहे. लायबेरियात २००७ मध्ये गेलेलं भारतीय महिला पोलिसांचं पथक हे अशा मोहिमेतलं पहिलं संपूर्ण महिलांचं पथक होतं. काँगो, सुदान, लेबनॉन पाहून आलेला माणूस गावातल्या दोन गटांत बसून बोलणी करू शकतो, कारण आवाज न चढवता मध्ये उभं कसं राहायचं, हे त्याला सवयीनं येतं.

युद्धपीडित म्हणजे तुम्ही कुणाला धरता?

शहीद जवानाची बायको, आईबाप, मुलं. अपंग होऊन परतलेला जवान. परतला, पण आतून मोडलेला जवान. सीमेवरच्या गावांतली तोफगोळ्यांत सापडलेली माणसं, जशी मे २०२५ मध्ये पूंछमध्ये सापडली. दहशतवादात आईबाप गमावलेली मुलं. आणि हो, पलीकडच्या बाजूची तशीच माणसंही. आमच्या हाताला लागतात ती मुख्यतः पहिली तीन, पण यादीतून कुणाला काढायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे.

वीरनारींसाठी प्रत्यक्ष काय करता?

मुख्यतः कागद. ऐकायला रूक्ष वाटेल, पण जवान गेल्यावर बाईची पहिली लढाई कागदांशीच असते. पार्थिव येतं तेव्हा अख्खा तालुका येतो, मंत्री येतात, फुलं उधळली जातात. तेराव्यानंतर मांडव उतरतो आणि फायली सुरू होतात.

नेहमीची अडचण नावाची. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. फौजेच्या रेकॉर्डला एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं दुसरं, आधारवर तिसरं, बँकेत आणखी वेगळं स्पेलिंग. पेन्शन तिथंच अडते. मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट, ग्रामपंचायतीचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, त्यामुळं इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. इतर कोअरची ऑफिसं लांब आहेत, तिथं पत्रं आणि फोन चालवावे लागतात. आता पेन्शनचा कारभार स्पर्श या ऑनलाइन व्यवस्थेवर गेलाय. शिकलेल्या पोराला ते सोपं, पण चंदगडच्या वाडीवर एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजींना वर्षातून एकदा हयातीचा दाखला ऑनलाइन भरायचा म्हणजे संकट असतं. आमच्यातला एक सिग्नलवाला त्या भागात फिरून असे दाखले भरून देतो. माझ्या मते आमच्या सगळ्या कामांत त्याचं काम पहिल्या नंबरचं आहे.

हे करताना आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या जागी बसत नाही. विधवा ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत, सगळं त्या कार्यालयातूनच होतं. आम्ही बाईंना तिथवर नेतो आणि काम होईपर्यंत सोबत राहतो.

तुम्हाला माहीत असेलच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. वीरनारीच्या बाबतीत हा ठराव मला फार मोलाचा वाटतो. जिच्या नवऱ्याला बंदुकीच्या फैरींची सलामी दिली, तिलाच हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, हे आम्ही फौजी डोळ्यांनी पाहत आलो होतो. आता गावात दुःखाचा प्रसंग आला की आमच्यातलं कुणीतरी वडीलधारं आधीच जाऊन घरच्या बायकांशी बोलतं. आमच्या वहिनी आणि ताई हे काम आमच्यापेक्षा चांगलं करतात, कारण आतल्या खोलीत त्या जाऊ शकतात.

सासू-सून पैशावरून भांडतात, तेव्हा कुणाची बाजू घेता?

दोघींचं ऐकतो. मुलगा गेलेली आई आणि नवरा गेलेली बायको, दोघींचं नुकसान खरं असतं, आणि पेन्शनचा नियम मात्र एकीच्या नावावर बोट ठेवतो. सून पुन्हा लग्न करणार म्हटलं की घर पेटतं. अशा वेळी नियम काय सांगतो, हे कोरड्या शब्दांत समोर ठेवलं तर निम्मा राग खाली येतो. उदाहरणार्थ, शौर्यपदकाचं मानधन वीरनारीनं पुनर्विवाह केल्यावर चालू राहण्यासाठी पूर्वी लग्न दिराशीच करायची अट होती. ती अट २०१७ मध्ये काढली. बऱ्याच घरांत हे अजून पोचलेलं नाही आणि तरुण मुलीवर दिराशी लग्नाचा दबाव येतो. कौटुंबिक पेन्शनचे नियम वेगळे आणि किचकट आहेत. त्यासाठी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, घेऊन सैनिक कल्याण कार्यालयातच विचारा, पारावरच्या सल्ल्यावर जाऊ नका. प्रकरण कोर्टाकडं जायला लागलं तर जुलै २०२५ मध्ये विधी सेवा प्राधिकरणानं सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेतून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

आमचे दादा पेन्शनवर आल्यापासून रात्री झोपत नाहीत, चिडतात, पितात. हे काय आहे?

ताई, असा प्रश्न विचारायला धीर लागतो. आपल्याकडं मेजर म्हणून ज्याला गाव मान देतं, त्याच्या घरात असं काही आहे हे सांगायला बायकोला लाज वाटते. ती वाटायचं कारण नाही.

जिवावरच्या प्रसंगातून गेलेल्या माणसाचं शरीर वर्षानुवर्षं पहाऱ्यावर राहतं. दिवाळीच्या फटाक्याला दचकणं, गर्दीत पाठ भिंतीला लावून बसणं, रात्री ओरडत उठणं, मुलांवर विनाकारण हात उगारणं, जुन्या सोबत्यांचे फोन न घेणं. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. दारू हा त्या माणसानं स्वतःच शोधलेला चुकीचा उपचार असतो, म्हणून नुसती दारू सोडवायला गेलात तर मूळ तसंच राहतं.

काय करावं? त्यांना चारचौघांत उपदेश करू नका. त्यांच्या पलटणीचा, त्याच काळातला एखादा सोबती शोधा आणि त्याला घरी चहाला बोलवा. तो माणूस जे काढून घेईल ते डॉक्टरलाही पहिल्या भेटीत मिळत नाही. मग माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवणी घ्या. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही चालते. तिचा सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जिवाचं बरंवाईट करून घ्यायची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, माणसाला एकटं सोडू नका आणि परवान्याची बंदूक घरात असेल तर ती हलवा.

हात-पाय गमावलेल्यांसाठी कुठं जायचं?

यात आपण नशीबवान आहोत, कारण सगळं पुण्यात आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, आणि तिथंच १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग जवानांना हाताला काम शिकवते. नागरिकांना जयपूर फूट मोफत मिळतो. तो अवयव जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवला, आणि अफगाणिस्तानापासून कितीतरी देशांत सुरुंगांनी पाय गेलेली माणसं त्यावर चालली.

हिंमत खचलेल्या पोराला मी मुरलीकांत पेटकरांचं सांगतो. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरजवळच्या पेठचे. ईएमईतले, म्हणजे फौजेची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतले जवान, फौजेत बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. उपचार चालू असताना पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सोनं आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

सुरुंगांबद्दल तुम्ही सारखं का बोलता? ते तर देशाच्या रक्षणासाठीच असतात ना?

कारण युद्ध संपलं हे सुरुंगाला कळत नाही. डिसेंबर २००१ नंतर ऑपरेशन पराक्रममध्ये पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवर शेतांमध्येच सुरुंग पेरले गेले. लढाई झालीच नाही. फौजा २००२ च्या अखेरीस मागं फिरल्या, पण सुरुंग काढायला पुढं वर्षं लागली. काढताना इंजिनिअर्सचे जवान जखमी झाले, आणि शेतकरी, गुराखी, पोरं यांचे पाय गेले. डोंगराळ भागात पावसानं, बर्फानं सुरुंग जागा सोडून खाली वाहतात आणि नकाशा खोटा ठरतो.

जगभर सुरुंगबंदीची मागणी उभी केली त्यात माजी सैनिक पुढं होते. बॉबी म्युलर हा अमेरिकन मरीन १९६९ मध्ये व्हिएतनामात कण्याला गोळी लागून कायमचा चाकाच्या खुर्चीत बसला. त्यानं उभ्या केलेल्या संस्थेनं कंबोडियात पाय बसवायचं केंद्र काढलं. तिथं पाय बसवून देताना त्यांच्या लक्षात आलं, की पेरणी थांबत नाही तोवर रांग संपणार नाही. म्हणून इतर संघटनांना घेऊन त्यांनी १९९२ मध्ये बंदीची मोहीम सुरू केली. १९९७ मध्ये ओटावा करार झाला आणि त्याच वर्षी त्या मोहिमेला नोबेल मिळालं. भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका, रशिया त्या करारात नाहीत. लांब सीमेचं कारण भारत देतो आणि ते कारण पोकळ नाही, हे आम्ही सीमेवर उभे राहिलेले लोक जाणतो. तरी माझं मत असं, की जो सुरुंग पेरतो त्यानं तो कधी आणि कोण काढणार याचा हिशेब पेरायच्या आधी मांडलाच पाहिजे, आणि जखमी शेतकऱ्याला भरपाईसाठी दारोदार फिरावं लागू नये.

पाकिस्तानातल्या माजी सैनिकांशी बोलणं हा देशद्रोह नाही का?

अॅडमिरल रामदासांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. १९७१ च्या युद्धातलं वीरचक्र, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. त्यांच्या देशप्रेमाबद्दल शंका घेणाऱ्यानं आपलं स्वतःचं खातं आधी तपासावं. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ शेती करत राहिले आणि भारत-पाकिस्तान लोकमंचात दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणत राहिले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानातले पत्रकार आय. ए. रहमान यांना मिळून दिला गेला. मार्च २०२४ मध्ये ते गेले.

दहशतवाद्याला माफ करा, असं यात कुठं म्हटलेलं नाही. तोफा तैनात असतानाही दोन्ही फौजांच्या अधिकाऱ्यांमध्ये हॉटलाइन चालू असते, ध्वजबैठका होतात, कैदी आणि मृतदेह परत केले जातात. फौजेला जे बोलणं लागतं ते गावातल्या माणसाला वर्ज्य का असावं?

काश्मीरमधल्या मुलांसाठी काही करता का?

थेट फार नाही. पण महाराष्ट्रातली माणसं तिथं मुळं धरून आहेत. अधिक कदम यांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशननं २००२ पासून कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घरं चालवली. पुण्यात संजय नहार यांच्या सरहद संस्थेनं तिथल्या मुलांना आणून शिकवलं. अशी मुलं महाराष्ट्र पाहायला आली की त्यांना कोल्हापुरात आठवडाभर घरी ठेवून घ्यायला आम्ही तयार असतो. ज्या जवानानं कुपवाड्यात ड्युटी केली, त्याच्या घरी कुपवाड्याची मुलगी तांबडा रस्सा तिखट लागला म्हणून पाणी मागते, तेव्हा दोघांनाही एकमेकांकडं नव्यानं बघता येतं.

शाळेत येऊन काय सांगाल? मुलांना युद्धाच्या थरारक गोष्टी हव्या असतात.

गोष्टी सांगतो, पण पूर्ण सांगतो. गोळी लागल्यावर पुढं काय होतं, जखमीला खाली आणायला किती माणसं आणि किती तास लागतात, घरी तार किंवा फोन कसा जातो. पाचवीच्या खालच्या मुलांना हे सांगत नाही, त्यांच्याशी बर्फ, खेचरं आणि लंगरच्या जेवणाबद्दल बोलतो. वरच्या वर्गांना वळिवड्याची गोष्ट हमखास सांगतो, आणि जमलं तर तिथं घेऊन जातो. मुलांनी विचारलेला सर्वात अवघड प्रश्न एकच असतो: तुम्ही माणूस मारलाय का? ज्याला उत्तर द्यायचं असेल तो देतो, ज्याला नको असेल त्यानं नको म्हणायचं. शिक्षकांनी तिथं आग्रह धरू नये, ही विनंती.

मी फौजेत नव्हतो. मला काय करता येईल?

पुष्कळ. संगणक येतो, तर आपल्या गावातल्या वीरमाता-वीरपित्यांचे ऑनलाइन अर्ज भरून द्या. वकील असाल तर महिन्यातली एक सकाळ द्या. गाडी असेल तर पुण्याला अवयव केंद्रात जाणाऱ्याला सोडा. काहीच नसेल तर श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना सांगा, की वर्षभरानंतर त्या घरी एकदा जाऊन या, फोटो न काढता.

देणगी कुठं द्यावी?

आमच्याकडं नको, आम्ही पैसे गोळा करत नाही. ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर कधीही पावती घेऊन पैसे देता येतात. शहिदांच्या नावानं दारावर येणाऱ्या पावतीपुस्तकाला किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या क्यूआर कोडला खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्याकडं यायचं तर सोबत काय आणावं?

जवानाचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, बँक पासबुक, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि असेल तर मृत्यूचा दाखला. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. एखादा कागद नसला तरी या, तो कुठून काढायचा ते बसून शोधू. आणि ज्या बाईचं काम आहे त्या बाईंना सोबत आणा. दीर, भाऊ, सरपंच कुणीही बरोबर आले तरी हरकत नाही, पण बोलणं आम्ही त्यांच्याशीच करणार.